‘बाजूला बसा’ म्हणाले तर

परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलीस. वाण घेतलंस, तिळगूळ घेतलास, आणि निघताना दाराशी माझा हात धरून हळूच म्हणालीस, “ताई, माझ्या पासपोर्टला डाग लागलाय गं. मी नाही जायची आता.” घरात दहा बायका. तुला जवळ बसवून विचारावं तरी कसं? रात्रभर तुझं ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं, म्हणून आज हे सगळं लिहूनच काढतेय. निवांत वाच, एकटी असताना वाच.

तुझी गोष्ट मला ठाऊक आहे. इंजिनीअरिंग झाल्यावर एमएससाठी अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज केलास, दोनदा नकार आला. पुढे लग्न झालं, नोकरी लागली, फिरायला जाण्याचा व्हिसा मिळाला. बहिणीकडे दोनदा गेलीस आणि दोन्ही वेळा खिडकीवरच्या माणसाने शिक्का मारायच्या ऐवजी ‘तिकडे जाऊन बसा’ म्हणून दुसऱ्या खोलीकडे बोट दाखवलं. आता मे महिन्यात बहिणीचं बाळंतपण. आई गेल्यापासून तिला तूच आई. आणि तू म्हणतेस, नाही जायची.

माझं ऐक. मी हे कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या भावजींशिवाय.

२०१२ साली माझ्या लेकीला दिवस गेले. पहिलटकरीण, परका देश. मी दुर्गहून गीतांजली एक्सप्रेस पकडून मुंबईला गेले, कारण आपल्या छत्तीसगडची अमेरिकेची व्हिसाची कामं मुंबईच्याच वकिलातीकडे येतात. फायलीत सगळं होतं: ह्यांच्या पगाराच्या स्लिपा, क्वार्टरच्या वाटपाचं पत्र, लेकीचं आमंत्रण, डॉक्टरची चिठ्ठी. खिडकीपलीकडच्या बाईंनी हिंदीत विचारलं, तिथे जाऊन काय करणार? मी मनापासून उत्तर दिलं, “सब काम करूंगी. खाना, कपडे, बच्चे की मालिश, सब.” दोन मिनिटांत हातात एक कागद आला, त्यावर कलम २१४ (ब). पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

त्या बाईंची चूक नव्हती, हे मला फार उशिरा उमगलं. आपण ज्याला काम म्हणतो ती माया असते. लेकीच्या घरी जाऊन आईने काम नाही करायचं तर काय करायचं? पण त्यांच्या कायद्यात काम म्हणजे नोकरी, रोजगार. त्या कलमाचं म्हणणं असं की अर्जदार परत येणार नाही असंच आधी धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. त्यात मी, स्वतःच्या नावावर काही नसलेली गृहिणी, एकटी निघालेली, ‘सब काम करूंगी’ म्हणाले.

घरी डिंकाचे लाडू तयार होते. अडीच किलो. गोंदियाहून माझ्या मावशीने डिंक पाठवला होता, खारका मी स्वतः कुटल्या होत्या. तो स्टीलचा मोठा डबा ओट्यावर होता तसाच राहिला. नातू झाला तेव्हा जावयांनी फोन त्याच्या तोंडाशी धरला, आणि इकडे मी सेक्टरमधल्या स्वयंपाकघरात उभी राहून त्याचं रडणं ऐकलं. मग एक दिवस तो डबा उचलला आणि मागच्या ब्लॉकमधल्या एका बाळंतिणीला देऊन आले. कॉलनीत सगळ्यांना सांगितलं, ह्यांना सुट्टी मिळाली नाही. नकार आला हे सांगायची लाज वाटली.

तुझा ‘डाग’ हा शब्द ऐकला आणि तीच लाज मला पुन्हा दिसली. म्हणून आधी तेवढी मनातून काढून टाकू. २१४ (ब) हा गुन्हा नाही, बंदीही नाही. त्या दिवशी, त्या कागदांवर त्यांचं समाधान झालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. परिस्थिती बदलली, सांगण्यासारखं नवं काही असलं, की पुन्हा अर्ज करता येतो. विद्यार्थ्यांना तर हा नकार सर्रास मिळतो. पण तो नोंदीत राहतो. तू विसरलीस तरी त्यांचा संगणक विसरत नाही, आणि सीमेवरच्या अधिकाऱ्यालाही तो दिसू शकतो.

दुसऱ्यांदा अर्ज करायचा ठरला तेव्हा गावातल्या एका एजंटाने मला सांगितलं, “आंटी, उस सवाल पे नो लिख दो, पुराना है, कौन देखता है.” तो सवाल म्हणजे डीएस-१६० या अर्जातला, तुम्हाला आधी कधी व्हिसा नाकारलाय का, सीमेवरून परत पाठवलंय का, हा. माझं बोट ‘नो’ वर जायचंच राहिलं होतं. लेक फोनवर ओरडली म्हणून वाचले. आज विचार केला तरी अंगावर काटा येतो. नकारानंतर पुन्हा अर्जाचा रस्ता मोकळा असतो. जाणूनबुजून खोटं लिहिलेलं सापडलं, तर अमेरिकेचा दरवाजा जन्मभरासाठी बंद होऊ शकतो. कॅनडा पाच वर्षांची बंदी घालतो, ब्रिटन दहा वर्षांपर्यंत. शिवाय अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश आपसात अशी माहिती वाटून घेतात. एकाचा नकार दुसऱ्याच्या अर्जात लपवायला जाशील, तर तो तिथेही दिसू शकतो.

मी ‘हो’ लिहिलं. खालच्या चौकटीत तारीख, शहर, कलम आणि एक ओळ: लेकीच्या बाळंतपणासाठी अर्ज केला होता. मुलाखत मराठीत मागितली, तशी सोय असते. त्या खेपेला म्हणाले, लेकीला आणि नातवाला भेटायला जातेय, पगाराची नोकरी करणार नाही, नवऱ्याची प्लांटमधली नोकरी चालू आहे, दिवाळीच्या आत परत यायचं आहे. व्हिसा मिळाला. २०१४.

आणि मग सुरू झालं तुझ्यासारखंच.

पहिल्या खेपेला विमानतळावर खिडकीवरच्या तरुण मुलाने पासपोर्ट चाळला, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं, पासपोर्ट एका प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि मला एका माणसाबरोबर पाठवलं. ती खोली तू पाहिली आहेस. जमिनीला जखडलेल्या खुर्च्यांच्या रांगा, समोर उंच टेबल, त्यामागे वर्दीतले लोक. मोबाइल वापरायचा नाही. माझ्या शेजारी एक पंजाबी आजोबा जपमाळ ओढत होते, पलीकडे कडेवर झोपलेलं मूल घेऊन एक बाई. आपलं नाव पुकारतात तेही ओळखू येत नाही, इतकं मोडून उच्चारतात. तेव्हा नावासाठी नाही, आडनावाच्या पहिल्या अक्षरासाठी कान उघडे ठेव. माझं नाव दोनदा पुकारलं गेलं आणि मी बसूनच राहिले.

प्रश्न एकच: तिथे काम करणार का? दुसऱ्या खेपेलाही तोच. तिसऱ्या खेपेलाही. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की २०१२ सालचं माझं ‘सब काम करूंगी’ माझ्या पुढे पुढे चालतंय. खात्री नाही, पण मनाने तेच घेतलं. तुझंही तसंच असेल बघ. विद्यार्थी म्हणून दोनदा जाऊ पाहिलेली मुलगी आता पाहुणी म्हणून येतेय, म्हणजे इथे शिकायला किंवा राहायला तर नाही ना आली, एवढीच त्यांची शंका. ती शंका कोणती ते ओळखलंस की अर्धी भीती जाते, कारण मग तुला जगभराच्या प्रश्नांची तयारी करायची नसते, त्या एकाच प्रश्नाची करायची असते.

दुसऱ्या खेपेला मी चिडले होते, ते तुला सांगायलाच हवं. अठ्ठावीस तासांचा प्रवास, पाय सुजलेले, आणि पुन्हा तीच खोली. “किती दिवस राहणार?” विचारलं तर तोडून म्हणाले, तीन महिने. परतीचं तिकीट होतं पाच महिन्यांचं. मला खोटं बोलायचं नव्हतं. मनात होतं की तीन महिने लेकीकडे, दोन महिने पुतण्याकडे. पण त्याच्या कानावर पडलं तीन, आणि कागदावर होतं पाच. वीस मिनिटांचं काम तीन तासांवर गेलं. लेकीला फोन लावून तिला विचारलं, बॅग उघडली, पुढचं विमान सुटलं. त्या दिवसापासून मी एक कागद बनवला. अर्जात लिहिलेली माहिती, तिकिटाच्या तारखा, कुणाकडे किती दिवस, खर्च कोण करणार, नकार कधी आणि कशासाठी आला. निघायच्या आधी तो तीनदा वाचते. पाठ करत नाही. फक्त माझं तोंड आणि माझा कागद एकच बोलतील एवढं बघते.

तू हे आत्ताच कर. एमएसचे दोन्ही अर्ज कोणत्या साली केले, कोणतं विद्यापीठ होतं, काय विचारलं, तू काय म्हणालीस, आठवेल तेवढं लिही. मेच्या प्रवासाबद्दल: बहिणीच्या प्रसूतीची तारीख, तिच्या डॉक्टरचं पत्र, तुझ्या ऑफिसचं रजा मंजूर केल्याचं पत्र, परतीचं तिकीट, मुलाच्या शाळेची फी भरल्याची पावती. सगळं छापील, हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत टाकशील तर त्या खोलीत ते तुझ्याजवळ नसेल, आणि मोबाइलमध्ये ठेवशील तर मोबाइल उघडू देतील याचा भरवसा नाही. उलट मोबाइल ते स्वतः तपासू शकतात. पाहुण्याने नकार दिला तर प्रवेशही नाकारू शकतात. तेव्हा बहिणीला ‘तिकडेच एखादी नोकरी बघते’ असं गमतीत लिहिलेलं असेल, तर अशी गंमत पुन्हा करू नकोस.

आणि बाळंतपणाचं खरं तेच सांग, पण पुरतं सांग. ‘बहिणीला बाळ होणार आहे, आई नाही, मी सोबतीला आलेय, सहा आठवड्यांनी परत जाणार, माझी नोकरी भिलाईत आहे.’ इतकं पुरे. विचारलं नाही ते सांगत बसायचं नाही. प्रश्न कळला नाही तर मान हलवू नकोस. आपलं ते डुलवणं त्यांना ‘हो’ वाटतं की ‘नाही’, देव जाणे. सरळ म्हण, समजलं नाही, पुन्हा सांगा. दुभाष्या मागता येतो, त्यात कमीपणा नाही. तुझं इंग्रजी चांगलं आहे, पण थकल्यावर आणि घाबरल्यावर आपली भाषाच खरी.

सोबत काय न्यायचं, ते जाता जाता सांगते. जकातीच्या फॉर्मवर किंवा विचारल्यावर खाण्याचं सगळं सांगून टाक. मेतकूट, भाजणी, लाडू सांगितलेस तर बहुतेक वेळा बघून सोडतात. कढीपत्ता मात्र चुकूनही नको, लिंबूवर्गीय झाडांच्या रोगामुळे त्यावर बंदी आहे. आधीच आपल्याकडे एक शंकेचं कारण आहे, त्यात दुसरं आपण कशाला घालायचं?

तुला त्या खोलीचा अपमान वाटतो, मलाही वाटायचा. मग एकदा तिथेच बसल्या बसल्या बाबा आठवले. गोंदियाहून १९५८ साली ते इथे भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले, पहिली भट्टी पेटायच्या वर्षभर आधी. पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली, तेव्हा बाबा तिथल्या गर्दीत होते. पुढे कारखान्याच्या पहाऱ्याला सीआयएसएफ आलं, आणि निवृत्तीपर्यंत बाबा रोज गेटवर गेटपास दाखवायचे. जवान कधी डबा उघडायला सांगायचा. डब्यात भाकरी आणि आईने केलेला ठेचा. बाबा झाकण काढायचे, तो बघायचा, बाबा झाकण लावायचे. अनेक वर्षं ओळखीचा असलेला जवानसुद्धा बघायचा. बाबांनी त्याचा कधी राग केला नाही. ‘तो त्याची ड्युटी करतो, मी माझी,’ म्हणायचे. त्या दिवसापासून मी त्या खोलीत बाबांसारखी बसते. पाठ ताठ, डबा उघडायला तयार.

यादीत एकदा नाव गेलं की ते काढायला वेळ लागतो, हे आपल्या वैदर्भीय माणसांना नवीन नाही. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक. मेक्सिकोत जाऊन मोठे कृषिशास्त्रज्ञ झाले, दिएगो रिवेरासारख्या चित्रकाराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. ज्या देशासाठी त्यांनी आयुष्य दिलं, तो स्वतंत्र झाल्यावर त्यांनी परत यायला व्हिसा मागितला, तर तो नाकारला गेला. कारण इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचं नाव अजून तसंच होतं. मागाहून तो निर्णय फिरला, ते मायदेशी परतले, नागपूरला राहिले, १९६७ साली तिथेच गेले. मला हे आठवलं की गहिवरून येतं. यादी करणारे गेले, राज्य गेलं, यादी मात्र राहिली. आपल्या काळातलं बोलायचं तर शाहरुख खानला २००९, २०१२ आणि २०१६ अशा तीन सालांत अमेरिकेच्या विमानतळांवर थांबवलं होतं. त्याला सगळं जग ओळखतं, तरीही.

आता सगळ्यात कामाचं. बसून राहायचं नाही, विचारायचं. आपल्याकडे २००५ पासून माहितीचा अधिकार आहे ना, तसा अमेरिकेत १९६६ सालचा कायदा आहे. सीमेवरच्या नोंदींत तुझ्याबद्दल काय आहे हे तू भिलाईत बसून मागू शकतेस. व्हिसाच्या मुलाखतीचे शेरे मात्र कायद्याने गोपनीय असतात, ते बहुधा मिळत नाहीत. कॅनडात तर जुलै २०२२ पासून परदेशात बसलेल्या परकीय माणसालाही आपली फाइल मागता येते. युरोपात शेंगेनचा नकार त्यांच्या व्हिसाच्या यंत्रणेत पाच वर्षं राहतो, पण तिथे नकाराच्या कागदावरच कारण छापलेलं असतं आणि अपिलाचा हक्क असतो. तो कागद जपून ठेवायचा.

आणि पुनःपुन्हा थांबवत असतील तर अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याचा ‘ट्रिप’ नावाचा तक्रार-निवारणाचा मार्ग आहे, २००७ पासून. ऑनलाइन अर्ज करायचा, पासपोर्टची प्रत जोडायची, कुठल्या तारखेला, कुठल्या विमानतळावर, किती वेळ थांबवलं ते लिहायचं. वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत. उत्तर यायला वेळ लागतो, आणि ते उत्तर तुझ्या नावाची नोंद होती की नव्हती हे उघड सांगत नाही. पण एक क्रमांक देतात, तो पुढच्या तिकिटाच्या वेळी भरायचा. मी तिसऱ्या खेपेनंतर अर्ज केला. चौथ्या खेपेला खिडकीवरच शिक्का मिळाला, मी शिक्क्याकडे बघतच राहिले. पाचव्या खेपेला पुन्हा खोलीत पाठवलं. दहा मिनिटं. तोच प्रश्न, तेच उत्तर. तुला खोटी आशा लावणार नाही, क्रमांकाने सगळं मिटतंच असं नाही. नाव दुसऱ्या कुणाशी जुळत असेल तर तो जास्त उपयोगी पडतो.

शिक्का मिळाल्यावरही एक काम उरतं. बहिणीच्या घरी पोचलीस की तिला सांगून आय-९४, म्हणजे तुझ्या प्रवेशाची नोंद, ऑनलाइन काढून बघ. तिथे जी तारीख आहे तीच राहण्याची मुदत. व्हिसा दहा वर्षांचा असतो म्हणून लोक फसतात. नाव, पासपोर्ट क्रमांक, तारीख चुकली असेल तर लगेच दुरुस्त करून घ्यायची, नाहीतर पुढच्या खेपेला तेच नवं कारण होतं.

वाईटातलं वाईटही सांगून ठेवते, म्हणजे अंधारात नको राहायला. ते प्रवेश नाकारू शकतात. त्या खोलीत आपल्यासारख्या पाहुण्याला वकिलाचा हक्क साधारणपणे मिळत नाही. तिथल्या तिथे परत पाठवायचा आदेश निघाला तर निदान पाच वर्षांची बंदी येते. त्याऐवजी आपला प्रवेशाचा अर्ज आपणच मागे घेऊन परतण्याची मुभा ते देऊ शकतात, तिची विनंती करता येते. देणं न देणं त्यांच्या हातात. मागे घेतलंस तर ती पाच वर्षं लागत नाहीत, पण पुढच्या अर्जात तेही लिहावं लागतं. आणि जे वाचलं नाही, समजलं नाही, त्यावर सही करू नकोस. आपल्या भाषेत वाचून दाखवा म्हण. इतकं होईल असं मला अजिबात वाटत नाही. तुझे कागद स्वच्छ आहेत, तू दोन्ही वेळा वेळेत परत आली आहेस, ही तुझ्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट आहे.

पुढच्या विमानाच्या मध्ये चार-पाच तास ठेव. रायपूरहून निघण्याआधी नीट जेव. मधुमेहाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत. बहिणीला आधीच सांग की दोन-तीन तास फोन लागला नाही तर घाबरू नकोस, आणि त्या दिवशी अनोळखी नंबर आला तर उचल, ते कदाचित तिलाच विचारतील, आणि तिनेही हेच सांगायला हवं, सहा आठवडे.

रविवारी दुपारी इकडे ये. एमएसच्या वेळचे ते दोन्ही नकाराचे कागद घेऊन ये, फेकले नसशील तर. फेकले असशील तर तारखा आठवून ये. ‘ट्रिप’चा अर्ज आपण दोघी बसून भरू, मला आता त्यातल्या सगळ्या चौकटी माहीत आहेत. डिंक मी मावशीच्या मुलीकडून मागवून ठेवला आहे, खारका तेवढ्या तू कुटायच्या. तो जुना डबा अजून आहे माझ्याकडे. त्या बाळंतिणीने तो तेव्हाच परत पाठवला होता, आत थोडी साखर घालून.